मुलांच्या जिभेसाठी मेडिकलमध्ये काय काय मिळतं: काय घ्यावं, काय काउंटरवरच ठेवून यावं

मेडिकलमध्ये जाऊन 'बाळाचं तोंड आलंय, काहीतरी द्या' म्हटलं की समोर चार-पाच वस्तू येतात. सिलिकॉनचा बोटात घालायचा ब्रश, तोंडात लावायचं पातळ औषध, दात येतानाची जेल, बी-कॉम्प्लेक्सचं सिरप, आणि तुम्ही आणखी थोडं रेंगाळलात तर कार्टूनचं चित्र असलेला टंग क्लीनर. यात दुकानदाराला तरी काय बोलणार? 'तोंड आलंय' एवढ्या दोन शब्दांत आपण बुरशी, व्हायरसचे फोड, साधे छाले आणि जीवनसत्त्वांची कमतरता हे सगळं एकाच पोत्यात भरतो. खाली या वस्तू एकेक करून तपासल्या आहेत. त्यातल्या निम्म्या विकत घ्यायची गरज नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सगळ्यात उपयोगी वस्तू बहुतेक घरात असतेच, ती म्हणजे पांढऱ्या उजेडाचा टॉर्च. पिवळ्या बल्बखाली फिकट जीभही छान गुलाबी दिसते, म्हणून जीभ पाहायची ती खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, सकाळी काही खाण्यापिण्याआधी. जांभळं, काळा खट्टा गोळा, चॉकलेट, लोहाचं सिरप यांनी जीभ तासन्‌तास रंगलेली राहते आणि घरभर उगाच घबराट होते. आधी पाणी पाजा, मग पाहा. मूल आपणहून जीभ बाहेर काढत असेल तर चमच्याने दाबू नका. आणि खूप ताप आहे, लाळ गिळता येत नाही, श्वास घेताना आवाज येतोय, असं असेल तर चमचा तोंडात अजिबात घालायचा नाही. घशाच्या तोंडाशी सूज असू शकते आणि दाबल्याने श्वास अडकू शकतो. तडक हॉस्पिटल गाठायचं.

आता सिलिकॉनचा बोटाचा ब्रश. शिवणकामात बोटात घालतात त्या अंगुस्तानासारखी ही मऊ टोपी असते. एका बाजूला आखूड केस, दुसऱ्या बाजूला जीभ पुसायला बारीक रेघा किंवा गोटे. साधारण शंभर-दीडशे रुपयांत डबीसकट मिळतो. वस्तू वाईट नाही, पण तिची गरज मोजक्याच दिवसांची असते. पहिली अडचण मापाची. आईच्या बारीक बोटावर तो सैल बसतो, आणि लाळेने ओला झाला की सटकून तोंडात राहू शकतो. घातल्यावर हात उलटा करून जोरात झटका. तिथे निघाला तर तोंडातही निघेल. दुसरी अडचण केसांच्या मुळाशी आणि टोपीच्या आतल्या बाजूला असते. तिथे दूध साचतं, डबीत ओलाच बंद केला की वास येतो, मग ज्या बुरशीची भीती म्हणून ब्रश आणला तीच त्यात मुक्काम करते. रोज वापरून झाला की उलटा करून साबणाने धुवा, स्वच्छ पाण्यात चार-पाच मिनिटं उकळा आणि उघड्यावर सुकवा. चिकट लागला, पिवळा पडला किंवा उजेडासमोर धरल्यावर चीर दिसली तर टाकून द्या. तिसरी अडचण दातांची. खालचे दोन दात आले की मूल तो करकचून चावतं आणि तुकडा पडू शकतो. पहिला दात दिसला की याची सुट्टी करायची आणि बाळाचा मऊ ब्रश आणायचा. त्यावर फ्लोराइडवाली पेस्ट घ्यायची, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी.

दात नसलेल्या बाळाचं काम मेडिकलमधल्या साध्या निर्जंतुक गॉजने किंवा धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाने तेवढंच होतं. नखं कापलेली हवीत, हात धुतलेले हवेत. गॉज तर्जनीला गुंडाळायचा, उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा, आणि जिभेच्या मध्यापासून टोकाकडे एक-दोनदा हलकेच फिरवायचा. दिवसातून एकदा पुरे, तोही अंघोळीच्या वेळी. दूध पाजल्या पाजल्या केलंत की बाळ सगळं ओकून टाकणार. बोट मागे नेऊ नका, उबळ येते. रोज नाही पुसलं तरी काही बिघडत नाही. अंगावर दूध पिणाऱ्या बाळाची जीभ पांढुरकी दिसणं साहजिक आहे, लहान बाळात लाळ कमी असते आणि दूध टिकून राहतं.

हाच गॉज तपासणीचंही काम करतो. पांढरं अलगद निघून आलं आणि खाली गुलाबी जीभ दिसली तर ते दूध. निघत नसेल, घट्ट दह्याच्या कवड्यांसारखं चिकटलेलं असेल, आणि जिभेपुरतं न राहता गालांच्या आत, ओठांच्या मागे, टाळूलाही दिसत असेल तर ती कँडिडा नावाची बुरशी. गाल नक्की पाहा. दूध सहसा जिभेवरच बसतं, बुरशी सगळीकडे फिरते. एकदा हलकेच पुसून पाहिलंत तेवढं बास. खरवडलं तर खालची नाजूक त्वचा सोलवटते, रक्त येतं आणि बाळ दूध तोडतं. बोटाच्या ब्रशने होणारं सगळ्यात मोठं नुकसान हेच: 'जीभ स्वच्छ निघेपर्यंत घासा' असं समजून बुरशी घासली जाते.

बुरशीसाठी आपल्याकडे बहुतेक वेळा १ टक्का क्लोट्रिमॅझोलचं माऊथ पेंट दिलं जातं, कधी निस्टॅटिनचे थेंब. औषध चांगलं आहे, स्वस्त आहे, पण बाळाला पहिल्यांदा लावण्याआधी डॉक्टरांनी तोंड पाहिलेलं असावं. लावायचं ते दूध पाजून झाल्यावर. आधी लावलं तर दुधाबरोबर धुऊन जातं आणि 'औषध लागू पडत नाही' अशी तक्रार येते. ड्रॉपर तोंडाला न टेकवता थेंब स्वच्छ बोटावर किंवा कापसाच्या काडीवर घ्या आणि डागांवर पसरवा, गालांच्या आतही. दिवसातून किती वेळा ते चिठ्ठीप्रमाणे, साधारणपणे तीन ते चार. दोन-तीन दिवसांत तोंड साफ दिसू लागतं आणि नेमकी तिथेच चूक होते. डाग गेल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करायचे असतात, नाहीतर पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

बुरशी परत परत येण्याचं दुसरं कारण बाटलीत नसतं, आईकडे असतं. स्तनाग्रं लाल, चकचकीत, पाजताना आणि पाजून झाल्यावरही आग होतेय, असं असेल तर बुरशी बाळ आणि आई यांच्यात टोलवली जातेय. दोघांवर एकाच वेळी उपचार हवेत. बाटलीचं बूच, चोखणी, तोंडात घालायची खेळणी रोज उकळा. दूध काढून साठवत असाल तर पंपाचे भागही.

मायकोनाझोलची तोंडात लावायची जेलही काही ठिकाणी मिळते. ती घट्ट असते, आणि चार महिन्यांच्या आतल्या बाळाला ती देत नाहीत, कारण घशात गोळा अडकून गुदमरण्याचा धोका असतो. वेळेआधी जन्मलेल्या बाळासाठी ही मर्यादा आणखी पुढे जाते. मोठ्या बाळालाही एकदम चमचाभर नाही, थोडी थोडी पुढच्या भागात लावायची.

मूल वर्षा-दीड वर्षाचं झालं, अँटिबायोटिक चालू नाही, तरी बुरशी येतेय? दम्याचा स्टिरॉइडचा पंप चालू असेल तर तो आधी आठवा. पंप स्पेसरमधूनच (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातूनच) द्यायचा आणि नंतर चूळ भरून टाकायची. लहान मुलाला पाणी पाजून तोंड पुसायचं. यातलं काहीच नसेल तर प्रतिकारशक्ती आणि रक्तातली साखर तपासून घ्यायला हवी. सहाव्यांदा तीच बाटली आणणं हा उपचार नव्हे.

दात येतानाच्या जेल या दुकानातल्या सगळ्यात सहज विकल्या जाणाऱ्या आणि आमच्या मते सगळ्यात कमी लायकीच्या वस्तू. डबीवर हसरं बाळ असतं, घटक मागच्या बाजूला बारीक अक्षरात. तीन नावं शोधा. बेंझोकेन असेल तर ठेवून द्या. त्याने क्वचित रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहण्याच्या कामाचं राहत नाही, ओठ-जीभ करड्या-निळ्या पडतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठीची अशी उत्पादनं बाजारातून काढायला सांगितली. लिग्नोकेन, म्हणजेच लिडोकेन, असेल तरी नको. गिळलं गेलं आणि मात्रा वाढली की झटके आणि हृदयाच्या ठोक्यांची गडबड होऊ शकते. त्याबद्दल २०१४ मध्येच कडक इशारा दिला गेला. तिसरं कोलीन सॅलिसिलेट. हे ॲस्पिरिनच्या नात्यातलं, म्हणून ब्रिटनने २००९ पासून १६ वर्षांखालच्यांना ते वर्ज्य केलं. एवढं करून फायदा किती? लाळ सुटलेल्या तोंडात जेल काही मिनिटंही टिकत नाही. स्वच्छ कापड ओलं करून फ्रीजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे) गार करा आणि चावायला द्या, तेवढं काम होतं.

घरगुती उपायाबद्दल इथेच बोललेलं बरं. टाकणखाराची लाही करून मधात खलून तोंडाला लावणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. बाळाच्या अंगातून बोरॉन लवकर बाहेर पडत नाही, साचत जातं. मधात कालवलेला बोरॅक्स चोखणीला लावल्याने बाळांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. बोरोग्लिसरीन हे त्याचंच बाटलीतलं भावंड. आणि एक वर्षाच्या आत नुसता मधही नको, त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बाळाला बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. आजींशी वाद घालायचा नसेल तर डॉक्टरांच्या तोंडून सांगायला लावा, लवकर पटतं.

मोठ्या मुलाचं 'तोंड येणं' ही वेगळी गोष्ट. जिभेच्या कडेला एक-दोन गोल, मध्ये पिवळट आणि भोवती लाल असे छाले असतील तर ते सात ते दहा दिवसांत आपोआप भरतात. बी-कॉम्प्लेक्सचं सिरप त्याच मुदतीत संपतं आणि श्रेय घेऊन जातं. तोंडातल्या फोडांबरोबर तळहात-तळपायांवर पुरळ असेल तर हात-पाय-तोंड आजार, तो व्हायरसचा. त्याला अँटिबायोटिक नको आणि सिरपही नको. गार दूध, ताक, पातळ खिचडी द्या आणि लघवी नीट होतेय ना यावर लक्ष ठेवा. हिरड्या सुजून रक्त येतंय, ताप आहे, अख्खं तोंड फोडांनी भरलंय, तर ते नागिणीच्या जातभाईचं, हर्पिसचं असू शकतं. त्यावरचं औषध लवकर सुरू केलं तरच उपयोगी, म्हणून उशीर नको.

सिरपची खरी जागा जिथे आहे तिथे मात्र अंदाजाने दिलेलं सिरप पुरत नाही. जीभ फिकी, गुळगुळीत, तिच्यावरचे बारीक कण झिजल्यासारखे दिसतात, मूल माती किंवा खडू खातं, चिडचिडं झालंय, हे लोहाच्या कमतरतेचं चित्र. आणि हे चित्र दुर्मीळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली ६ ते ५९ महिन्यांची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. जीभ लालभडक, मांसासारखी आणि तकतकीत असेल तर बी-१२ चा विचार करा. विशेषतः आई शुद्ध शाकाहारी, दूध-दहीही कमी खाणारी, आणि बाळ सात-आठ महिन्यांचं होऊनही नुसत्या अंगावरच्या दुधावर असेल तेव्हा. अशा बाळाच्या बोटांच्या पेरांवर काळसर झाक येते, ते सुस्त होतं, हसायचं-बसायचं शिकलेलं विसरू लागतं, हात थरथरतात. इथे वेळ घालवू नका. साध्या मल्टिव्हिटॅमिन थेंबांवर निभणारं हे दुखणं नाही.

लोहाचं औषध घेताना लेबलवर 'एलिमेंटल आयर्न' किती मिलिग्रॅम ते पाहा. संयुगाचं वजन मोठ्या अक्षरात आणि प्रत्यक्ष लोह बारीक अक्षरात, असा खेळ असतो. आशाताईंकडून मिळणारं सरकारी सिरप या बाबतीत सरळ आहे: १ मिलीमध्ये २० मिग्रॅ लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाला आठवड्यातून दोनदा १ मिली. ही मात्रा कमतरता होऊ नये म्हणून आहे. झालेली असेल तर डॉक्टर वजनावरून रोजची मात्रा ठरवतात. चव गंजल्यासारखी लागते, मूल तोंड वेंगाडतं. ड्रॉपरने गालाच्या आत, मागच्या बाजूला सोडा आणि वर दोन घोट पाणी पाजा, म्हणजे दात-जीभ काळी होणार नाही. झाली तरी तो नुसता डाग असतो. दुधातून देऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही.

काही जिभांसाठी काउंटरवर काहीच घ्यायचं नसतं. जिभेवर नकाशासारखे लाल पट्टे, त्यांना पांढरी कडा, आणि दोन-चार दिवसांनी पट्ट्याची जागा बदललेली, ही नकाशाची जीभ. निरुपद्रवी असते. रोज एकाच जागी उभं करून फोटो काढा, पट्टे सरकताना दिसतील आणि खात्री पटेल. तिखट-आंबट लागलं तर ते चार दिवस बंद, बाकी काही नाही.

स्ट्रॉबेरी जीभ मात्र लाल कंदील आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवर बिया उठून दिसतात तसे लालभडक जिभेवर कण वर येतात. घसा दुखणं, ताप आणि अंगावर खरखरीत पुरळ असेल तर स्कार्लेट फीव्हर. त्यात जीभ आधी पांढरी असते, चार-पाच दिवसांत पांढरं निघून लाल होते, आणि अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स लागतो. ताप पाच दिवस उतरत नाही, डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले, हात-पाय सुजलेले, मानेला गाठ, असं असेल तर कावासाकी आजार. जपानच्या टोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पाच वर्षांखालच्या मुलांत जास्त. उपचार न झालेल्या साधारण चारातल्या एका मुलात हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगतात, आणि इम्युनोग्लोबुलिनचं (प्रतिपिंडांचं) सलाईन तापाच्या पहिल्या दहा दिवसांत लागलं तर हा धोका बराच खाली येतो. सगळी लक्षणं एकाच दिवशी दिसत नाहीत. परवा डोळे लाल होते आणि आज जीभ, हे तारखांसकट डॉक्टरांना सांगा. तेव्हाचे फोटो दाखवलेत तर उत्तमच.

निळी जीभ. थंडीत ओठ आणि बोटं निळसर होतात, ते उबेने जातं. जीभ थंडीने निळी होत नाही. गोळा खाल्लेला नाही, पाणी पाजूनही रंग तसाच, तर रक्तात ऑक्सिजन कमी आहे. रिक्षा, १०८, जे आधी मिळेल ते.

जुलाबात जीभ कोरडी, चिकट, लघवी कमी, म्हणजे पाणी कमी पडतंय. इथे पाकीट पारखून घ्यायला हवं. खरं ओआरएस म्हणजे २०.५ ग्रॅमचं पाकीट, १ लिटर पाण्यासाठी, लेबलवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र. शेजारच्या फ्रीजमधला फळाच्या चवीचा टेट्रापॅक म्हणजे साखरेचं पाणी, त्याने जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली, तरी लेबल वाचूनच घ्या. पाकीट अर्धं अर्धं करून ग्लासात कालवू नका, मीठ-साखरेचं प्रमाण चुकतं. पूर्ण पाकीट मोजून लिटरभर पाण्यात, २४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, दोन वर्षांवरच्याला १०० ते २०० मिली, चमच्या-चमच्याने.

वस्तू नव्हे पण हल्ली विकली जाणारी सेवा म्हणजे लेझरने जिभेखालचा पडदा कापणं. बाळाला स्तन नीट पकडता येत नाही, आईला जखमा होताहेत, वजन वाढत नाही, आणि स्तनपान सल्लागाराने पकड सुधारूनही फरक नाही, तर कापणं योग्य. 'मूल उशिरा बोलतंय, जीभ जड आहे' म्हणून कापायला गेलात तर थांबा, आधी कान तपासा. जीभ नेहमीच मोठी आणि बाहेर, कावीळ लांबलेली, बद्धकोष्ठ, बेंबी फुगलेली असेल तर कापायचं काहीच नाही. थायरॉइडची टीएसएच तपासणी त्याच दिवशी करा, कारण उशीर झाला तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो.

राहिला टंग क्लीनर. पाच-सहा वर्षांच्या आत तो घेऊ नका, ब्रशच्या मऊ केसांनीच जीभ दोनदा पुसली की झालं. पुढे घ्यायचा तर गोल कडांचा स्टीलचा घ्या. विकत घेण्याआधी कड स्वतःच्या बोटाच्या आतल्या बाजूवरून ओढून पाहा, खरखर लागली तर नको. तांब्याचा दिसतो छान, पण काळा-हिरवा पडतो आणि चिंच लावून घासायचा कंटाळा येतो. कार्टूनवाल्या प्लॅस्टिकच्या क्लीनरच्या जोडावर मळ धरतो, आणि मूल दांडी चावून चपटी करतं ते वेगळंच.